उघाडीवरचा लाकडी मासा

भिवंडीच्या गोदामपट्ट्यात, माणकोलीपासून काल्हेरपर्यंत, कुठल्याही गल्लीत शिरलं की मोडक्या पॅलेटचे ढीग दिसतात. परदेशातून माल आला, उतरला, वाटला गेला. खालची लाकडी चौकट मागे राहिली. काही भंगारवाला उचलतो, काही सरपणात जातात. एखादी फळी उलटून पाहिली तर तिच्यावर गव्हाच्या लोंबीची खूण, देशाची दोन अक्षरं आणि 'एचटी' असा छाप सापडतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे या लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसवर सलग ३० मिनिटं तापवलेला असतो, म्हणजे त्यातली कीड मेलेली असते. ('एमबी' छापाची फळी मात्र मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ती घरात आणू नये, चुलीत तर मुळीच घालू नये.) लाकूड बहुधा पाइनचं. सरळ रेषांचं, हलकं, खडखडीत वाळलेलं. लाकडाचा खोटा मासा घडवून त्यावर खरा मासा पकडायचा ज्यांना छंद आहे, त्यांना यापेक्षा स्वस्त माल शोधून मिळायचा नाही.

या खोट्या माशाला हौशी गळवाले 'ल्यूर' म्हणतात. समुद्रकाठी उभं राहून, नऊ-अकरा फुटी काठीने फुटत्या लाटांच्या पलीकडे तो भिरकावायचा आणि रीळ गुंडाळत जिवंत माशासारखा चालवत आणायचा, या प्रकाराला 'सर्फ कास्टिंग' म्हणतात. आता याच पट्ट्यातल्या अंजूर गावाला लाटा कुठल्या? गावाच्या दक्षिणेला उल्हास नदी आहे, पण इथवर येता येता तिची खाडी झालेली असते. पलीकडे डोंबिवली-दिवा. पाणी इथून कशेळी, काल्हेर, घोडबंदर असं वळसे घेत वसईच्या किल्ल्याखाली समुद्राला मिळतं. लाट दिसते ती तिथे. अंजूरला दिसते ती भरती-ओहोटी.

पण या गावाला खाडीचं पाणी वाचता येणं फार जुनं आहे. गंगाजी नाईक अंजूरकर इथलेच. पोर्तुगीजांविरुद्ध पेशव्यांना या मुलखात आणण्यात आणि १७३७ ते १७३९च्या वसई मोहिमेत वाटा, उतार, माणसं यांची माहिती पुरवण्यात या नाईक घराण्याचा मोठा हात होता. साष्टीच्या बखरीत त्यांची हकीकत आली आहे. साष्टी बेटावर उतरायचं तर खाडी ओलांडायला हवी, आणि खाडी ओलांडायची तर तिची वेळ कळायला हवी. ती वेळ काढायचा किनाऱ्यावरचा ठोकताळा आजही चालतो: तिथीची पाऊणपट करा, येईल तो पूर्ण भरतीचा ताशी हिशेब. अष्टमीला सहा, पौर्णिमेला बाराच्या आसपास. हा मुंबईच्या समुद्राचा हिशेब. पाणी खाडीतून चढत आत यायला वेळ लागतो, म्हणून अंजूरला त्यात भर घालावी लागते, आणि ती किती हे काठावर बसूनच कळतं. गळाच्या शास्त्रातला पहिला धडा हाच आहे, लाकडाचा त्यानंतर.

हा छंद आपल्याकडे उशिरा का आला, हा प्रश्न मला लाकूडकामाइतकाच महत्त्वाचा वाटतो. गळाची हौस आपल्याला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या विरंगुळ्यांत त्याने 'मत्स्यविनोद' घातला आहे: समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले पस्तीसेक प्रकारचे मासे, कोणाला कसलं खाणं चारावं, काठी कशी असावी, दोरी कशाची, लागलेला मासा कसा दमवावा. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर सविस्तर निबंध लिहून ते अभ्यासकांसमोर आणलं. पण सोमेश्वराचा भर आमिषावर, म्हणजे खाण्यावर आहे. माशाला खाऊ घालून जवळ आणायचं, मग पकडायचं.

आपल्या खाडीकाठीही तेच चालत आलं. कोळंबी पायाशी, निवट्या चिखलात, बोईटाची पिल्लं पागाच्या, म्हणजे फेकजाळ्याच्या, एका फेकीत. ज्याला जिवंत आमिष फुकट मिळतं तो लाकूड कशाला तासत बसेल? ल्यूर घेऊन काठावर गेलात तर कुणीतरी हमखास विचारतं, "लाकूड खाईल व्हय जिताडा?" प्रश्न रास्त आहे. शिवाय इथल्या आगरी-कोळी घरांना मासा हवा तो टोपलीभर. त्यासाठी पाग आहे, डोल आहे, खाली कोकणात अख्खा गाव ओढतो ती रापण आहे. एकेक मासा चाळवून पकडण्याची चैन पोट भरलेल्याची.

ती चैन साहेबाबरोबर आली. दक्षिण कॅनरात कलेक्टर राहिलेल्या हेन्री सलिव्हन थॉमसने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात महासीरसाठी पाण्यात गरगरत जाणाऱ्या धातूच्या चमच्यांची वर्णनं आहेत. पुढे पवईच्या तलावावर गळवाल्यांची संघटनाच उभी राहिली. पण हे सगळं गोड्या पाण्यातलं, आणि ल्यूर बाहेरून विकत आणलेला. इथल्या लाकडातून इथल्या पाण्यासाठी ल्यूर घडवणं ही अगदी अलीकडची, इंटरनेटवर पाहून, एकमेकांना विचारून शिकलेली हौस आहे.

आणि नेमका इथेच घोळ होतो. जे पाहून शिकायचं ते सगळं दुसऱ्या पाण्याचं असतं. सर्फसाठीचे लाकडी ल्यूर खऱ्या अर्थाने वाढले ते अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, केप कॉडला, १९४०च्या दशकात. तिथल्या पट्टेरी बास माशासाठी बॉब पाँडने 'ॲटम' नावाचा ल्यूर काढला, स्टॅन गिब्जने लेथवर लाकूड कातून पेन्सिल पॉपर आणि इतर नमुने केले. त्यांचे आकार आजही जगभर नकलले जातात. पाँडचं मला जास्त कौतुक आहे ते वेगळ्या कारणाने: ल्यूर विकून नाव कमावल्यावर हाच मासा कमी होतोय हे पाहून त्याने १९६०च्या दशकात त्याच्या रक्षणासाठी संघटना काढली आणि उरलेलं आयुष्य त्यामागे घालवलं. असो. मुद्दा असा की तिथलं पाणी थंड आणि बऱ्यापैकी निवळ, लाट मोठी, मासा दुरून पाहून धावणारा. अंजूरच्या पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत.

म्हणून माझ्या मते केप कॉडपेक्षा फिनलंडची गोष्ट आपल्या जास्त कामाची. लाउरी रापाला हा गरीब मच्छीमार. पैयेन्ने सरोवरात आमिषाचे गळ टाकून तो पोट भरायचा. टाकता टाकता त्याच्या लक्षात आलं की मोठा मासा लहान माशांच्या थव्यात घुसतो तेव्हा सरळ पोहणाऱ्यांना सोडून जो जरा वाकडा, लंगडत चाललाय त्यालाच उचलतो. १९३६ मध्ये त्याने चांभाराच्या सुरीने बुचाचा एक मासा कोरला, चॉकलेटच्या वेष्टनातली चंदेरी पन्नी त्यावर चिकटवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप वर दिला. पन्नी सगळ्यांच्या लक्षात राहते. खरी करामत ते लंगडणं कोरीव माशात उतरवण्यात होती. १९६२च्या ऑगस्टमध्ये 'लाइफ' साप्ताहिकात त्याच्यावर लेख आला. मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मेरिलिन मन्रो होती, त्यामुळे अंक प्रचंड खपला आणि फिनलंडच्या त्या छोट्या कारखान्याला मागणी पुरवता पुरवता नाकीनऊ आले.

ल्यूर चालतो तो चालीवर. रंगाला भुलतो तो बहुतेक वेळा दुकानात उभा असलेला गळवाला. गढूळ पाण्यात तर हे दुप्पट खरं. माशाच्या दोन्ही अंगांना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक पार्श्वरेषा असते, पाण्यातली थरथर तिला जाणवते. आपल्या किनाऱ्यावरचा रावस घ्या. त्याच्या छातीखाली सुटे चार-चार धागे लोंबतात, आणि डोळ्यांवर दुधाळ पडदा असतो. गढूळ पाण्यात चाचपडत खाणं शोधायची ही तयारी. अशा माशासमोर मोराच्या पिसाऱ्यासारखा रंगवलेला ल्यूर नेऊन काय उपयोग? त्याला पाण्यात धपधप हलणारं काहीतरी हवं.

अंजूरच्या बाजूला ही धपधप कुठे चालवायची याचं उत्तर एका शब्दात: उघाडी. खाजणाच्या जमिनीला खारं पाणी लागू नये म्हणून बांध घालतात, आणि आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला बांधात दार ठेवतात, ती उघाडी. ओहोटी सुरू झाली की आतलं पाणी जोराने बाहेर पडतं आणि त्याबरोबर कोळंबी, बोईटाची पिल्लं, जे काही आत चढलं होतं ते सगळं गडगडत खाली येतं. दाराच्या खाली, प्रवाहाच्या कडेला, तिवरांच्या मुळांच्या सावलीत जिताडा उभा असतो. तो पाठलाग करून दमत नाही. समोर आलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. त्याचा आवाजही येतो, एखादी मोठी टाळी वाजावी तसा.

जिताडा हा विलक्षण मासा आहे. शास्त्रीय नाव लेटिस कॅल्करिफर. ऑस्ट्रेलियात याला बॅरामंडी म्हणतात आणि तिथे त्याच्यासाठी हाताने लाकडी ल्यूर घडवणाऱ्यांची स्वतंत्र परंपरा आहे. वाढतो तो खाडीत, नदीत, खाजणात. अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे, मुखाजवळ उतरतो. लहानपणी तो नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने मोठा झाला की, मादी होतो. म्हणजे गळाला लागलेला थोराड जिताडा जवळजवळ नक्कीच अंड्यांची मादी. रायगडातल्या आगरी घरांत तो शेततळ्यात वाढवायची रीत जुनी आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये त्याचं प्रजनन बंदिस्त जागेत घडवून आणलं, त्यामुळे आज बाजारात दिसणारा प्रत्येक जिताडा खाडीतला असेलच असं नाही.

या माशासाठी लाकूड का, प्लॅस्टिक का नको, याचं खरं कारण तिवरांच्या मुळांत आहे. उघाडीखालचा सगळा तळ अडचणींनी भरलेला: मुळं, जुन्या जाळ्यांचे तुकडे, दगड, आता प्लॅस्टिकच्या गोण्याही. पोकळ प्लॅस्टिकचा ल्यूरही तरंगतो, पण चांगल्या हलक्या लाकडाला वर यायची जी घाई असते ती वेगळी. ल्यूर मुळावर आपटला की गुंडाळणं थांबवायचं. लाकूड मागे सरकत वर उठतं, गळ मुळातून सुटतो, आणि जिताडा बहुतेक वेळा याच क्षणी झडप घालतो. आजारी मासा तडफडत वर चालला, असं त्याला वाटत असावं.

तर लाकूड. बाहेरच्या पुस्तकांत बाल्सा लिहिलेलं असतं. ते आपल्याकडचं झाड नाही. पण पांगारा आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी, लाकडी फळं याच लाकडाची, आणि जाळ्यांच्या तरंड्यांसाठीही तो वापरात होता. त्याची घनता पाण्याच्या साधारण तीन दशांश. सावर त्याहून जरा जड. शिवण निम्म्याच्या आसपास: घट्ट, न फाटणारी, कोरायला गोड. पॅलेटचा पाइन साधारण तिथेच. साग पाण्याच्या दोन-तृतीयांशाजवळ जातो. होड्यांना उत्तम, तरंगत्या ल्यूरला जड.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तेरा सेंटिमीटर लांब, मध्ये अडीच सेंटिमीटर जाड, दोन्हीकडे निमुळता असा ल्यूर घेतला तर त्याचं आकारमान ४५ घनसेंटिमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे गोड्या पाण्यात तो तरंगायचा तर सगळं मिळून ४५ ग्रॅमच्या आत राहिला पाहिजे, मग लाकूड कुठलंही असो. शिवणीचा केला तर लाकूडच २२ ग्रॅम खातं. गळ, तार, शिसं मिळून २३ उरतात. पांगाऱ्याचा केला तर लाकूड साडेतेरा ग्रॅमचं, हातात साडेएकतीस. एकूण वजन तेच, पण पांगाऱ्यात त्यातलं कितीतरी जास्त वजन शिशाच्या रूपाने पोटाच्या तळाशी नेता येतं. वर हलकं, खाली जड. असा ल्यूर एका कुशीवर कलला की झटकन सावरतो, दुसरीकडे कलतो, पुन्हा सावरतो. ती लंगडी चाल इथून येते. चांगल्या आणि वाईट ल्यूरमधला अर्धा फरक मला तरी या एका हिशेबात दिसतो.

उरलेला अर्धा ओठात. ल्यूरच्या हनुवटीखाली पारदर्शक पॉलिकार्बोनेटची किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याची जीभ बसवतात. ओढताना तिच्यावर पाणी आदळतं आणि डाव्या-उजव्या कडेवरून आळीपाळीने भोवरे सुटतात. ते ल्यूरला आलटून पालटून ढकलतात. ओठ रुंद केला तर हालचाल संथ पण दणदणीत, अरुंद केला तर बारीक आणि जलद. लांब आणि सरळ पुढे काढला तर ल्यूर खोल बुडतो, खाली उभा वळवला तर उथळ चालतो. उघाडीसाठी रुंद, उथळ ओठ. आत एक भोक पाडून त्यात सायकलच्या बेअरिंगचे दोन-तीन छर्रे सुटे ठेवले की खुळखुळाही होतो.

घडवण्याचा क्रम उलटा करू नये. ठोकळा चौकोनी असतानाच मध्यरेषा आखायची, तारेचं आरपार भोक तेव्हाच पाडायचं आणि ओठाची खाचही तेव्हाच कापायची. गोल केलेल्या लाकडात सरळ भोक पाडणं सुताराच्या नशिबावर अवलंबून असतं. मग पुठ्ठ्याच्या साच्यावरून बाजूचा आकार कापायचा, कडा मारायच्या, कानस, पॉलिश पेपर. भिवंडीत लेथ कारखान्या-कारखान्यात आहे, पण तो लोखंड कातणारा. लाकूड कातणारा कारागीर शोधावा लागतो. गुळगुळीत झालेल्या लाकडाला जवसाच्या तेलात मुरवतात किंवा सीलर पाजतात. लाखेचा मोह होतो, खेळण्यांवर ती किती सुंदर दिसते, पण पाण्यात पडून पडून ती पांढरी पडते आणि तडकते.

आरपार तार स्टेनलेस स्टीलची, मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. नाकाशी, पोटाशी, शेपटीशी तिचे फासे. हे सर्फवाल्यांनी शिकवलेलं शहाणपण आहे: लाकूड फुटलं तरी नाकापासून शेपटीच्या गळापर्यंत तार अखंड, मासा सुटत नाही. पोटात शिसं. शिसं वितळवायचं तर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, आणि घरातल्या पातेल्यात कदापि नाही. मग बादलीत सोडून बघायचं, नाक वर राहतं की शेपटी. रंगाआधी हे व्हायला हवं, रंगानंतर सगळे उपाय कुरूप असतात. खवल्यांसाठी मच्छरदाणीचा तुकडा अंगावर ताणून वरून फवारा मारतात. शेवटी इपॉक्सीचा लेप, आणि तो वाळेस्तोवर ल्यूर सावकाश फिरत ठेवायचा, नाहीतर सगळा लेप पोटाशी ओघळून गोळा होतो. बिघडलेल्या मायक्रोवेव्हमधली थाळी फिरवणारी मोटर या कामाला उत्तम.

भिवंडीत आहोत तर धोट्याबद्दल बोलायलाच हवं. यंत्रमागाचा धोटा हातात घेतला की तो ल्यूरच वाटतो: दोन्हीकडे निमुळता, टोकांना लोखंडी अणकुची, मध्ये कांडीची खाच. बिनधोट्याचे रेपियर माग येत गेले तसे भंगारात हे धोटे बरेच येऊ लागले. पण तो ताशी हजारो फेऱ्या मार खाण्यासाठी केलेला. त्याचं लाकूड दाबून, राळ पाजून घट्ट केलेलं असतं. पाण्यात टाकला की दगडासारखा तळ गाठतो. तो शोभेला ठेवावा.

खाडीत मासा आहे का, हेही विचारलं पाहिजे. उल्हासात वर अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यांचं सांडपाणी येतं, उल्हासला मिळणारी वालधुनी तर नदी म्हणायच्या लायकीची राहिली नाही. 'वनशक्ती' या संस्थेने याविरुद्ध हरित लवादात दाद मागितली होती. त्यात वर्षानुवर्षांचा रेतीउपसा. ड्रेजर फिरला की तळाचे उंचवटे आणि खळगे, ज्यांच्या आडोशाने मासा उभा राहतो, तेच जातात. पावसाळ्यात नदीला पूर आला, घाण वाहून गेली की चिवणी मासे वर चढतात आणि गाव पुन्हा खाडीकडे वळतं. गळवाल्यांचा खरा हंगाम नारळी पौर्णिमेनंतर, पाणी थोडं निवळल्यावर.

त्या सुमारास खाडीच्या दुसऱ्या टोकाला, वसईच्या भुईगाव-कळंबच्या वाळूवर किंवा अर्नाळ्याला, सर्फची काठी घेऊन उभं राहता येतं. किनारा उथळ, लाट लांबवर फुटते, म्हणून फेक लांब हवी. इथे उघाडीचा ४५ ग्रॅमचा ल्यूर वाऱ्यात भिरभिरून जवळच पडतो. केप कॉडवाल्यांचं ऐकायचं ते इथे: मोठा, सत्तर-ऐंशी ग्रॅमचा, ओठ नसलेला, वजन शेपटीकडे नेलेला, म्हणजे हवेत तो शेपूट पुढे करून बाणासारखा जातो. पाण्यात पडल्यावर चाल त्याची स्वतःची नसते, काठीच्या शेंड्याने झटके देऊन ती द्यावी लागते. रावस, कधी जिताडाही, लाटेच्या पाठीमागच्या पन्हळीत फिरत असतो. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार असते, म्हणून बारीक विणीव दोरीपुढे हातभर जाड नायलॉनचा तुकडा बांधायचा. तिहेरी गळांचे काटे पक्कडीने आधीच दाबून टाकलेले बरे. लाटेत गुडघाभर उभं राहून उड्या मारणाऱ्या माशाच्या तोंडातला गळ काढताना तो आपल्याच तळव्यात रुतू शकतो. शिवाय थोराड मादी सोडून द्यायची असेल तर काटा नसलेला गळ पटकन निघतो.

वसईला जुळवलेला ल्यूर पावसाळ्यानंतर लगेच, खाडीचं पाणी अजून गोडं असताना, अंजूरला चालवायला आणला तर तो बुडू शकतो. खारं पाणी गोड्याहून सुमारे अडीच टक्के जड. ४५ ग्रॅमच्या ल्यूरला हा फरक ग्रॅमभराचा, पण जो जेमतेम तरंगत होता त्याला तेवढा पुरतो. पोटातलं शिसं तुरीच्या दाण्याएवढं पोखरून काढायचं, भोक इपॉक्सीने बुजवायचं आणि पुन्हा बादलीत सोडून पाहायचं, या वेळी बादली खाडीच्या पाण्याने भरून.